रव्याआधीची तुकडी

बाराव्या शतकातला कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ताटाच्या बाबतीत चांगलाच चोखंदळ होता. ११३०च्या आसपास सिद्ध झालेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ त्याच्या नावावर आहे. हत्ती, रत्ने, संगीत आणि गळ टाकून मासे पकडण्याचा खेळ यांच्या जोडीला त्यात मुदपाकखानाही येतो. माशाची एक कृती अशी: तुकडे करून स्वच्छ धुवायचे, चिंचेच्या कोळात शिजवायचे, वरून गव्हाचे पीठ भुरभुरायचे आणि तापल्या तेलात तांबूस होईपर्यंत तळायचे. शेवटी सैंधव, वेलची आणि मिरी यांची पूड. लाल मिरचीचे नाव नाही, कारण ती भारतात यायला अजून जवळजवळ चारशे वर्षे होती. गव्हाचे पीठ मात्र आहे.

कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातले बसवकल्याण. समुद्रापासून दूर, पठारावरचे गाव. तिथल्या राजाच्या कढईत गहू असणे साहजिक होते. सह्याद्रीखाली हिशेब वेगळा. कोकणात पिकतो भात, डोंगरउतारावर नाचणी आणि वरी. गहू यायचा तो घाट उतरून आणि विकत. तळलेल्या माशाला काय लावायचे, हे मासा कधीच ठरवत नाही. घरात कोणते पीठ आहे, तेल किती आहे आणि ताटावर कोण बसले आहे, यावर ते ठरते. आज गव्हाचा कण न चालणाऱ्या मुलासाठी धान्याशिवाय कुरकुरीत मासा कसा तळावा, असा प्रश्न घराघरांत पडतो. त्याची बरीचशी उत्तरे या जुन्या हिशेबातच आहेत.

मालवण, वेंगुर्ले, गोवा या पट्ट्यात बांगडा तळायचा तर मीठ, हळद, मिरची आणि आगळ एवढ्यावर भागते. आगळ म्हणजे पिकलेल्या रातांब्याच्या रसाला मीठ घालून टिकवलेला अर्क. मासा शिळा होऊ लागला की त्याच्या अंगात वास मारणारी अमाइन द्रव्ये तयार होतात. ती अल्कधर्मी असतात, म्हणून आंबटापुढे नरमतात. आंबटाने मांसही थोडे आवळून येते आणि तुकडी तव्यावर कमी फुटते. चिंच, लिंबू, कोकम ही मंडळी माशाच्या शेजारी नुसती चवीसाठी बसलेली नाहीत.

मग पिठावाचून कुरकुरीतपणा येतो कसा? बांगडा, तारली यांच्या अंगात स्वतःचीच चरबी असते आणि वर कातडी असते. पृष्ठभाग कोरडा असेल आणि तवा खरोखर तापलेला असेल, तर ही कातडीच कुरकुरीत होते आणि मसाल्याचा पातळ थर तिच्यावर भाजून बसतो. अट एकच, तुकडी टाकल्यावर तिला लगेच हात लावायचा नाही. कच्ची तुकडी तव्याला धरून बसते. खालची बाजू खरपूस झाली की आपणहून सुटते. घाईने कालथा घालणाऱ्याच्या ताटात माशाचा चुरा येतो, आणि मग दोष पीठ न लावण्याला दिला जातो.

या नियमाला ठळक अपवाद बोंबलाचा. ओल्या बोंबलाच्या अंगात पाणी इतके, की तो तसाच तव्यावर टाकला तर तळला न जाता शिजतो. म्हणून तो चिरून, उघडून, पाट्याखाली दाबून ठेवायची रीत पडली. वजनाखाली पाणी निथळते आणि मग त्याला तांदळाचे पीठ किंवा रवा लागतो. उरलेला ओलावा पिठातला स्टार्च शोषून घेतो, फुगतो आणि तेलात वाळून कडक होतो. इथे पीठ दागिना म्हणून नसते, टिपकागदासारखे पाणी टिपायला असते. पापलेट, सुरमईवर रव्याचा तोच थर चढतो तेव्हा त्याचे काम बदलते. तिथे तो कुरकुर वाढवतो आणि खाणावळीच्या ताटात तुकडी जरा भरदार दाखवतो.

तेलाचाही यात मोठा वाटा. रायगडच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावर तेल गाळणारा एक समाज होता, मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू. आपले पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरागत कथा. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. बैलाच्या घाण्यावर निघणारे तेल म्हणजे वेळ आणि कष्ट. ते कढईभर ओतून त्यात मासा पोहायला सोडणे सणासुदीलाही परवडत नसे. रोजचे तळण तव्यावरचे, पळीभर तेलातले. कमी तेलात तळण्याची आजची शिफारस किनाऱ्यावरच्या चुलीला कुणी शिकवावी लागली नव्हती.

याच समाजाच्या दूरच्या धर्मबांधवांनी पिठातला मासा मात्र जगभर पोचवला. स्पेन-पोर्तुगालमधले ज्यू शुक्रवारी मासा पिठात आणि अंड्यात घोळवून तळत, कारण शनिवारी, म्हणजे शब्बाथला, चूल पेटवायची नसे. तोच मासा दुसऱ्या दिवशी थंड खाल्ला जाई. १४९२मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले आणि पुढे पोर्तुगालमधूनही पांगलेले हे लोक ही रीत बरोबर घेऊन गेले. सतराव्या शतकात ज्यूंना इंग्लंडमध्ये पुन्हा राहता येऊ लागले आणि लंडनला तळलेल्या माशाची चटक लागली. डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये तळलेल्या माशांच्या वखारीचा उल्लेख आहे तो याच लंडनमधला. त्याला बटाट्याची जोड मिळाली आणि ‘फिश अँड चिप्स’ झाले.

पोर्तुगीजांनी आणखी एक गंमत केली. जपानच्या किनाऱ्याला ते १५४३मध्ये लागले आणि त्यांच्या पिठात बुडवून तळण्याच्या पद्धतीतून तिथे तेंपुरा घडला, असे मानले जाते. गोवा त्यांनी १५१०मध्ये घेतले होते. पण तिथे पीठ मागे राहिले आणि मसाला पुढे आला. अमेरिकेतून आलेली लाल मिरची, व्हिनेगर, लसूण, मिरी, जिरे हे सगळे वाटून बांगड्याच्या पोटात भरायचे आणि तो तव्यावर तळायचा. त्याचे नाव ‘रेशाद’, मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थच ‘भरलेले’. एकाच देशाच्या खलाशांनी एका किनाऱ्यावर माशाला पिठाचे पांघरूण दिले आणि दुसऱ्यावर मिरचीचे सारण.

मुंबईत माशाला तिसरेच पांघरूण मिळाले, बेसनाचे. फाळणीनंतर पंजाबातून आलेली निर्वासित कुटुंबे सायन-कोळीवाडा भागात वसली. अमृतसरकडे नदीचा मासा बेसन आणि ओवा लावून तळतात. ती पद्धत मुंबईच्या कोळंबीला लागली आणि खानावळींच्या पाट्यांवर ‘कोळीवाडा’ हे नाव झळकले. गिऱ्हाईक समजते, हा कोळणीच्या घरचा पदार्थ. प्रत्यक्षात कोळ्यांच्या चुलीपेक्षा त्याचे नाते पंजाबी कढईशी अधिक आहे. गहू न चालणाऱ्यांना मात्र हा अपघात फळला, कारण बेसन हरभऱ्याचे, म्हणजे कडधान्याचे, तृणधान्याचे नव्हे. अट एवढीच, की खानावळीने त्यात मैदा मिसळलेला नसावा आणि त्याच तेलात आधी काही मैद्याचे तळलेले नसावे.

गहू भातखाऊ घरांत शिरला तो सरकारी वाटेनेही. मुंबईत १९४३मध्ये धान्याचे रेशनिंग सुरू झाले. अमेरिकेशी १९५६मध्ये पी. एल. ४८०चा करार झाला आणि परदेशी गव्हाची जहाजे बंदरात लागू लागली. रेशनकार्डावर तांदळाबरोबर गहू येऊ लागला. भाकरी थापणाऱ्या हातांना चपाती लाटायची सवय झाली. शिऱ्या-उपम्यासाठी आणलेला रवा स्वयंपाकघरातला नेहमीचा डबा झाला आणि माशाच्या ताटलीशेजारी येऊन बसायला त्याला फार लांबून यावे लागले नाही.

मुलांसाठी म्हणून खास घडवलेला तळलेला मासा मात्र कारखान्यातून आला. ब्रिटनमध्ये हेरिंग हा मासा मुबलक आणि स्वस्त, पण काटेरी. बर्ड्‌स आय कंपनीने त्याच्या कांड्या करून पाहिल्या आणि चाखणाऱ्यांपुढे तुलनेसाठी कॉड या बेचव पांढऱ्या माशाच्या कांड्या ठेवल्या. लोकांनी हेरिंग बाजूला सारून कॉडला पसंती दिली. १९५५मध्ये ग्रेट यार्मथच्या कारखान्यातून पावाच्या चुऱ्यात घोळवलेली ‘फिश फिंगर’ बाहेर पडली. अमेरिकेत तशाच कांड्या दोन वर्षे आधी आल्या होत्या. काटा नाही, कातडी नाही, डोळे नाहीत, वासही जेमतेम. मूल माशाला का घाबरते याची यादी करून एकेक गोष्ट काढून टाकली, की उरते ती ही चौकोनी कांडी. चव भरून काढायचे काम मग पावाच्या चुऱ्यावर येते.

कोकणातल्या घरांनी हाच प्रश्न कारखान्यावाचून सोडवला होता, मासा निवडून. मुलाच्या पानात पहिल्यांदा यायची ती मुडदुशी. मऊ, पांढऱ्या मांसाची, पोटाला हलकी. आजाऱ्याला आणि बाळंतिणीलाही हीच. मधला काटा सरळ निघतो. त्यानंतर सुरमईची पोटाकडची तुकडी आणि मग पापलेट. मांदेली कडक तळली तर काट्यांसकट कुरकुरीत होते आणि मुले ती चिवड्यासारखी फस्त करतात. बोटांनी तुकडी चाचपून, काटा काढून भाताच्या घासात लपवणारी आजी हे या व्यवस्थेतले सर्वांत भरवशाचे यंत्र होते.

पावाचा चुरा काही मुलांना विषासारखा का ठरतो, याचा उलगडाही त्याच सुमाराला झाला. हेगमधले बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांना सीलिअ‍ॅक आजाराच्या मुलांबाबत पावाचा संशय दुसऱ्या महायुद्धाआधीच होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि ही आजारी मुले मात्र सावरू लागली. पाव पुन्हा मिळाला तशी त्यांची दुखणी परतली. १९५०मध्ये डिके यांनी आपल्या प्रबंधात गहू आणि राय यांच्यावर बोट ठेवले. त्यानंतरच्या संशोधनाने गुन्हेगार नक्की केला, तो म्हणजे गव्हातले ग्लुटेन. रवा गव्हाचा, मैदा गव्हाचा, पावाचा चुराही गव्हाचाच. अशा मुलाला तांदळाच्या पिठातला बोंबील चालतो, फक्त तो तव्यावर एकट्याने तळायला हवा. तांदूळही नको असेल, म्हणजे तृणधान्यच नको असेल, तेव्हा दुसरा डबा शोधावा लागतो.

तो डबा मराठी घरात होताच, फक्त चुकीच्या फळीवर. शिंगाडा पाण्यातले फळ, राजगिरा गवताच्या कुळाबाहेरचे बी, साबुदाणा कंदाच्या स्टार्चचा. यातले एकही तृणधान्य नाही आणि तिन्हींचा मुक्काम उपासाच्या फळीवर, जिथे माशाची सावलीही पडत नाही. एकादशीला धान्य वर्ज्य म्हणून शतकानुशतके जपलेला हा साठा आणि बुधवार-रविवारचा मासा एकमेकांना कधी भेटलेच नाहीत. या फळीवर एक फसवा गडीही आहे. भगर उपासाला चालते, पण ती वरीचे तांदूळ, म्हणजे तृणधान्यच. तिच्यात ग्लुटेन नाही, तरी ‘धान्याशिवाय’ म्हणून ती खपवता येत नाही.

तळणीत या पिठांची तऱ्हा निरनिराळी. शिंगाड्याच्या पिठात स्टार्च भरपूर, म्हणून थर पातळ आणि कडक होतो. पापलेट, मुडदुशी यांना तो शोभतो. राजगिऱ्याचे पीठ लवकर लाल होते, त्याला मंद आच हवी. साबुदाण्याचे पीठ एकटे वापरले तर चिवट होते. शिंगाड्यात थोडे मिसळले की खुसखुशीतपणा येतो. तुकडी आधी मीठ, हळद, आगळ लावून अर्धा तास ठेवायची, सुटलेले पाणी टिपायचे आणि पीठ तव्यावर टाकण्याच्या क्षणी लावायचे. आधी लावून ठेवले तर त्याचा चिकट लगदा होतो. मुलांसाठी मिरची कमी, लिंबू वरून. धान्य गेले म्हणून तेल आपोआप कमी होत नाही. कढईत बुडवलेला शिंगाडाही तेल पितोच, तेव्हा तवा आणि पळी यांचे जुने प्रमाण इथेही उपयोगी पडते.

अडचण येते ती निराळीच. बुधवारी माशाच्या हाताने उघडलेला शिंगाड्याचा डबा एकादशीला आजी हातात धरत नाही. ज्या घरांत हे तळण रुळते, तिथे म्हणून त्या पिठाचे दोन डबे होतात. एक देवघराजवळच्या फळीवर, दुसरा मिसळणाच्या डब्याशेजारी, बांगड्याच्या मसाल्याला खेटून.