विमानाखालची जमीन

जुनीं विमानें पाहावयास माणसें मोठ्या हौसेनें जातात. गोव्यांत बोगमाळोच्या वाटेवर भारतीय नौदलानें १९९८ सालीं आपलें विमान-संग्रहालय उघडलें. तेथील मोकळ्या आवारांत उभें असलेलें चार इंजिनांचें सुपर कॉन्स्टेलेशन विमान एके काळीं एअर इंडियाच्या ताफ्यांत होतें. पुढें तें नौदलाच्या सेवेंत आलें. आईबापांचा हात धरून आलेलीं मुलें, एवढें हें धूड उडालें तरी कसें, असें विचारतात. प्रश्न योग्यच आहे. परंतु त्याच्या जोडीला दुसराहि एक प्रश्न विचारावयास हवा. तें उतरलें कोठें? मुंबईच्या विमानोड्डाणाचा बराचसा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत सांठलेला आहे.

मुंबईस विमानतळ लाभला तो १९२८ सालीं, जुहू येथें. जागा समुद्रकांठची, सखल आणि चिखलाची. दि. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं जे. आर. डी. टाटा पस मॉथ जातीचें एका इंजिनाचें लहानसें विमान घेऊन कराचीहून एकटेच निघाले. इंपीरियल एअरवेजनें विलायतेहून आणलेलें टपाल त्यांच्याजवळ होतें. वाटेंत अहमदाबादेस पेट्रोल भरावयाचें होतें. त्याचे डबे बैलगाडींतून विमानापाशीं आणले गेले. दुपारीं विमान जुहूस उतरलें. तेथून पुढें मद्रासचें टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं बल्लारीमार्गें नेलें. हे व्हिन्सेंट ब्रिटिश वायुदलांतील माजी वैमानिक. पूर्वीं ते शहरोशहरीं हिंडून लोकांस विमानांतून फेरी घडवीत असत. विमान हा तोंवर जत्रेंतील पाळण्यासारखा नवलाचा विषय होता. त्या दिवसापासून तें टपालवाल्याचें वाहन झालें.

पण जुहूची जमीन पावसाळ्यांत दगा देई. ज्या पावसाची कोंकणांतील शेतकरी डोळे लावून वाट पाही, तोच पाऊस वैमानिकाचा वैरी ठरे. भरतीचें पाणी आणि चिखल यांमुळें धावपट्टी निरुपयोगी होई, आणि ते चार महिने सारा बाडबिस्तरा उचलून पुण्याजवळ येरवड्यास न्यावा लागे. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सांताक्रूझचा तळ तयार झाला आणि १९४८ सालीं मुलकी विमानांची वाहतूक तेथें गेली. त्याच वर्षीं ८ जून रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून लंडनला निघालें.

दि. १५ ऑक्टोबर १९८२ रोजीं, पन्नास वर्षांनंतर, टाटांनीं तोच प्रवास पुन्हां केला. वय ७८, विमान लेपर्ड मॉथ जातीचें, जुन्या काळचेंच. तरुणांच्या मनांत साहसाची आवड उत्पन्न व्हावी, हा त्यांचा हेतु होता. आकाशवाट तीच होती. भोंवतालचें शहर मात्र ओळखूं न येण्याइतकें वाढलें होतें. सांताक्रूझचा तळहि वस्तीच्या वेढ्यांत सांपडला होता. मुंबईस पुन्हां नवी जमीन हवी होती.

ती खाडीपलीकडे, पनवेल व उलवे यांच्या मधल्या भागांत निश्चित झाली. येथेंहि जुहूसारखीच दलदल होती. पण या वेळीं माणसानें पावसाळा संपण्याची वाट पाहिली नाहीं. उलव्याची टेकडी फोडली, तिच्या दगडमातीनें सखल भाग भरून उंच केला, उलवे नदीचा प्रवाह वळविला. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे इत्यादि दहा गांवें उठून अन्यत्र वसलीं. या प्रदेशांत जमिनीचा प्रश्न नवा नव्हता. जानेवारी १९८४ मध्यें उरण भागांत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी रास्त मोबदल्यासाठीं उठले, तेव्हां गोळीबारांत पांच जण बळी पडले. संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांस परत देण्याचें धोरण त्या लढ्यांतून आलें.

दि. ११ ऑक्टोबर २०२४ रोजीं वायुदलाचें सी-२९५ विमान नव्या धावपट्टीवर प्रथम उतरलें. दि. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं विमानतळाचें उद्घाटन झालें आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानें सुरू झालीं. जें विमान निवृत्त होतें तें संग्रहालयांत ठेवतां येतें. त्याखालीं गेलेलें भाताचें खाचर, मिठागर किंवा गांवदेवीचें देऊळ तसें ठेवतां येत नाहीं. तें माणसांच्या आठवणींतच राहतें, आणि आठवण सांगणारीं माणसें दरवर्षीं कमी होत जातात. विमान डोक्यावरून गेलें कीं मुलें मान वर करतात. त्यांच्या आजोबांनीं त्याच वेळीं खालीं बोट दाखवून, आपलें शेत नेमकें कोठें होतें, हें त्यांस सांगून ठेवावें. या विमानतळाच्या इतिहासाचें पहिलें पान तेंच आहे.