डॉक्टर, चिकन खाऊ का? एका प्रश्नाचा इतिहास

"डॉक्टर, चिकन खाल्लं तर चालेल का?" हा प्रश्न मिरजेतल्या माझ्या दवाखान्यात बारा महिने येतो. आखाडात पाहुणे येणार म्हणून, कावीळ उतरत आली म्हणून, पोराला गोवर येऊन गेला म्हणून. त्याची उत्तरं सोपी असतात. पण दर काही वर्षांनी हाच प्रश्न घाबऱ्या आवाजात येतो. २००६ साली आला, २०२० साली आला, २०२५ साली पुन्हा आला. त्यातल्या पहिल्या वेळी मी चुकीचं उत्तर दिलं होतं, म्हणून आज जरा लांबून सुरुवात करतो.

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्रीत बर्ड फ्लू, म्हणजे एच५एन१ विषाणू, सापडल्याचं जाहीर झालं. भारतातली ती पहिलीच नोंद. पांढरे सूट घातलेली माणसं कोंबड्या पोत्यात भरताना टीव्हीवर दिसत होती. त्याच आठवड्यात माझ्या एक पेशंट बाई आल्या. क्षयरोगाची औषधं चालू होती, वजन जेमतेम छत्तीस किलो. रोज दोन अंडी आणि आठवड्यातून दोनदा कोंबडी खा, असं मीच त्यांना सांगितलेलं. त्यांनी विचारलं, "बंद करू का?" मी म्हणालो, "राहू द्या थोडे दिवस." महिन्याने त्या परत आल्या तेव्हा वजन दीड किलोनं घटलं होतं. अंडी गेली, कोंबडी गेली, त्यांच्या जागी काहीच आलं नाही. काय खायचं ते मी सांगितलंच नव्हतं. एच५एन१ ने नव्हे, माझ्या सावधगिरीने त्यांचं नुकसान केलं.

खरं तर उत्तर आमच्याच घरच्या चुलीवर होतं. माझ्या लहानपणी कोंबडी परसातली असायची. संध्याकाळी डालग्याखाली, सकाळी उकिरड्यावर. ती अंड्यांसाठी पाळलेली, त्यामुळे कापायची वेळ पाहुणा, जत्रा किंवा नवस यांपैकी काहीतरी आल्यावरच. तीही बुधवार, शुक्रवार, रविवार बघून. आणि अशी दीड-दोन वर्षं हिंडलेली कोंबडी सहजासहजी शिजत नाही. आजी हळद-मीठ लावून ती पातेल्यात चढवायची आणि दोन-अडीच तास मंद जाळावर रटरटू द्यायची. वरचं पाणी म्हणजे आळणी. ते आधी काढून ठेवायचं, लहान पोरांना, बाळंतिणीला आणि घरात कुणी आजारी असेल तर त्याला. मग उरलेल्याचा तांबडा, पांढरा आणि सुकं.

आळणीला वैद्यकातही जुना आधार आहे. बाराव्या शतकात कैरोमध्ये मायमोनिडीस नावाचे वैद्य आजाऱ्यांना कोंबडीचं सूप सांगत. २००० साली अमेरिकेतल्या नेब्रास्कामध्ये डॉ. स्टीफन रेनार्ड यांनी घरच्या पद्धतीचं चिकन सूप प्रयोगशाळेत तपासलं, तेव्हा सूज वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल त्यामुळे थोडी मंदावलेली दिसली. प्रयोग काचेच्या भांड्यातला होता, माणसांवरचा नव्हे, त्यामुळे सर्दीवर औषध म्हणून मी ते लिहून देणार नाही. पण गरम पाणी, मीठ आणि थोडी प्रथिनं तापातल्या माणसाच्या पोटात जातात, एवढं मला पुरेसं आहे.

त्या परसातल्या कोंबड्यांवर दर एक-दोन वर्षांनी एक संकट यायचं. सकाळी बघावं तर चार-पाच मान वाकडी करून पडलेल्या. आपल्याकडे याला मानमोडी म्हणतात. पशुवैद्यकात तिचं नाव राणीखेत, कारण १९२८ च्या सुमारास तिची नोंद राणीखेतला झाली. गंमत म्हणजे १९१८ साली माणसांत इन्फ्लुएंझाची जी भयानक साथ आली, तिलाही आपल्या लोकांनी मानमोडीच म्हटलं. दोन्ही विषाणू वेगळे. पण १९१८ च्या विषाणूचं पक्ष्यांच्या फ्लूशी जवळचं नातं आहे, हे शास्त्रज्ञांना पुष्कळ उशिरा, जनुकं तपासल्यावर कळलं.

मग बॉयलर आली. शब्द खरं म्हणजे ब्रॉयलर, पण मटण मार्केटात कुणी तसं म्हणत नाही. अमेरिकेत १९४८ साली 'उद्याची कोंबडी' अशी स्पर्धाच भरली होती: जास्त मांस, कमी दिवस. भारतात बी. व्ही. राव यांनी १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे तिचं केंद्र पुणे झालं, आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रात शेताच्या कडेला पत्र्याच्या लांब शेड दिसू लागल्या. सणावाराची कोंबडी रोजच्या बाजाराची झाली. मटण ज्यांना परवडत नाही त्यांच्या ताटात प्रथिनं आली, हे मी डॉक्टर म्हणून चांगलंच मानतो.

"पण डॉक्टर, तिला इंजेक्शन देऊन फुगवतात ना?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. वाढीची हार्मोनं देत नाहीत, तशी गरजही नाही. २०१४ साली कॅनडात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९५७ च्या आणि २००५ च्या वाणाच्या कोंबड्या एकाच खाद्यावर वाढवल्या. ५६ दिवसांत जुन्या वाणाची कोंबडी ९०५ ग्रॅम भरली, नवी ४,२०२ ग्रॅम. हा निवडीच्या पैदाशीचा परिणाम. (त्या पैदाशीत आपलाही वाटा आहे बरं का. २००८ सालच्या संशोधनानुसार पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचं जनुक करड्या रानकोंबड्याकडून आलं. तोच, जो चांदोली-कोयनेच्या जंगलात पहाटे ओरडतो.) काळजी करायची तर अँटिबायोटिक्सची करा. १९४० च्या दशकाच्या शेवटी थॉमस ज्यूक्स कोंबड्यांच्या खाद्यात जीवनसत्त्व बी-१२ शोधत होते. ऑरिओमायसिन बनवताना उरलेला चोथा त्यांनी पिलांना घातला आणि पिलं भराभर वाढली. तेव्हापासून जगभर वाढीसाठी अँटिबायोटिक्स खाद्यात मिसळली गेली, आणि जंतू त्यांना सरावत गेले. अतिदक्षता विभागात आम्ही अगदी शेवटी वापरतो ते कोलिस्टिन भारतात पशुखाद्यातून बंद झालं ते २०१९ साली. उशिराच म्हणायचं.

आता परत त्या तीन भीतींकडे. एच५एन१ हा विषाणू माणसाला होऊ शकतो; १९९७ साली हाँगकाँगमध्ये १८ जणांना झाला आणि ६ दगावले. पण तो होतो आजारी जिवंत पक्षी हाताळताना, कापताना, त्यांची विष्ठा आणि पिसं यांच्या संपर्कात येऊन. ७० अंशांना विषाणू मरतो. आमच्या आजीचं पातेलं तासन् तास त्याच्या वर असायचं. नवापूरला कोंबड्या लाखांनी मारल्या, माणसांचे नमुने पुण्याच्या एनआयव्हीत तपासले, एकालाही बर्ड फ्लू निघाला नाही. २०२० च्या मार्चमध्ये तर कारणच नव्हतं. कोरोना चिकनमधून येतो अशी व्हॉट्सॲपवरची अफवा, आणि शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात जिवंत पिलं खड्ड्यात पुरली गेली. ज्याने कर्ज काढून शेड बांधली त्याचं काय झालं असेल, ते वेगळं सांगायला नको.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोमचे, म्हणजे हातापायांतली ताकद जाण्याच्या आजाराचे, पेशंट एकदम वाढले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जंतू सापडला. तिथे मुख्य संशय दूषित पाण्यावर होता. पण हा जंतू कोंबडीच्या आतड्यात सुखाने राहतो, त्यामुळे या तिसऱ्या वेळी 'चिकन खाऊ का' याचं उत्तर "खा" एवढंच देऊन मी थांबलो नाही. "कसं शिजवता?" असं उलट विचारलं.

कारण कोंबडी बदलली तशी आपली रांधण्याची रीतही बदलली आहे. बॉयलर वीस मिनिटांत मऊ होते. मऊ झाली म्हणजे शिजली, असं आपण समजतो. फाळणीनंतर पेशावरकडच्या निर्वासितांनी दिल्लीत रुजवलेली तंदुरी आता आपल्या प्रत्येक नाक्यावर आहे. ती बाहेरून करपते आणि मांडीच्या हाडाजवळ गुलाबी राहते. शिवाय घरात कच्ची कोंबडी नळाच्या धारेखाली धुतात. ते शिंतोडे दीड-दोन फूट उडतात, शेजारी चिरलेल्या कांदा-कोथिंबिरीवर बसतात, आणि कोथिंबीर आपण शिजवत नाही. न धुता करा म्हटलं तर घरातून बंड होईल, मला ठाऊक आहे. मग भांड्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा, सुरी आणि पाट वेगळा ठेवा, नंतर बेसिन आणि हात साबणाने धुवा.

जुन्या रीतीतही एक खोट होती, ती मान्य करायला हवी. जत्रेच्या मोठ्या पातेल्यातला रस्सा रात्रभर तसाच झाकून ठेवायचा. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूची बीजं उकळूनही मरत नाहीत आणि कोमट रश्श्यात झपाट्याने वाढतात. दुसऱ्या दिवशी अख्ख्या भावकीच्या पोटात मुरडा. उरलेला रस्सा दोन तासांच्या आत पसरट भांड्यांत ओतून फ्रिजमध्ये ठेवा, खाताना खळखळून उकळा.

प्रवासाचं म्हणाल तर मीही पुण्याला जाताना पेठ नाक्याला हायवेला लागलो की भूक लागणारा माणूस आहे. मी उकळता रस्सा आणि गरम भाकरी घेतो. तंदुरी घेतलीच तर हाडापर्यंत कापून बघतो आणि गुलाबी असेल तर परत पाठवतो. मुलगा म्हणतो, "बाबा, जेवायला आलोय, तपासायला नाही." ताटातला चिरलेला कांदा आणि जगमधलं पाणी मात्र सोडून देतो.

आणि प्रवासाहून आल्यावर पोट बिघडलं तर कालच्या ढाब्याला लगेच दोष देऊ नका. कॅम्पायलोबॅक्टर पोटात गेल्यावर त्रास द्यायला बहुधा दोन ते पाच दिवस घेतो. मागच्या पाच दिवसांत कुठे काय खाल्लं, ते आठवून कागदावर लिहून आणा. तोवर ओआरएस पीत राहा, घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नका. शौचातून रक्त पडलं, भरपूर ताप आला किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी या. जुलाब थांबून दोन-तीन आठवडे झाल्यावर पायांत मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना गुडघे वाकू लागले, तर रात्र असली तरी थेट मोठ्या हॉस्पिटलात जा, आणि तिथल्या डॉक्टरांना आधी झालेल्या जुलाबांचं आवर्जून सांगा.