हॅलोविन, दिवाळी आणि कर्सर

परवा आत्याचा फोन आला होता. मागच्या लेखात मी 'कर्सर अडकला की आमची रात्र जाते' असं काहीतरी लिहिलं होतं, ते वाचून ती म्हणाली, "अरे, मग माऊस बदलून बघ ना!"

तर मंडळी, तो कर्सर वेगळा. लॅटिनमध्ये कर्सर म्हणजे धावणारा. बाबांच्या स्लाइड रूलवर एक काच पुढेमागे सरकायची, तिलाही कर्सरच म्हणत. डेटाबेसमधला कर्सर त्याच जातीचा. हजारो ओळींच्या उत्तरावरून सरकत जाणारा आणि एका वेळी एकच ओळ हातात ठेवणारा.

खरं तर त्याची गरजच पडू नये अशी मूळ कल्पना होती. १९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी मांडलं की माहिती तक्त्यांमध्ये ठेवा आणि काय हवं तेवढं सांगा, कसं शोधायचं ते यंत्र बघेल. त्यांचेच सहकारी डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये त्यासाठी सीक्वेल नावाची भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. ही भाषा उत्तर देते ते अख्ख्या संचाचं. पण तेव्हाचे कोबॉलमधले प्रोग्रॅम एका वेळी एकच नोंद घेणारे. एकाकडे पातेलंभर भात, दुसऱ्याच्या हातात चमचा! कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत 'सिस्टिम आर' हा प्रकल्प चालू होता, तिथे या दोघांची गाठ घालून दिली ती कर्सरने.

आणि तिथेच १९७६ च्या हॅलोविनच्या दिवशी एक गंमत झाली. चेंबरलिन, पॅट सेलिंजर आणि मॉर्टन ॲस्ट्रहान एक साधी आज्ञा चालवून बघत होते. २५,००० डॉलरपेक्षा कमी पगार असलेल्या प्रत्येकाला १० टक्के वाढ द्या. आज्ञा बिनतक्रार पूर्ण झाली. बघतात तर काय, २५,००० च्या खाली कोणी उरलंच नव्हतं!

झालं असं, की यंत्र पगाराच्या चढत्या क्रमाने लावलेल्या सूचीवरून चाललं होतं. २०,००० वाला भेटला, त्याला २२,००० केलं. पगार वाढला म्हणून त्याची नोंद सूचीत पुढे सरकली. थोडं पुढे गेल्यावर तोच परत भेटला, २४,२००. पुन्हा भेटला, २६,६२०. आता कुठे तो अटीबाहेर गेला. ज्या यादीवरून चालायचं तीच पायाखाली बदलत होती. या घोटाळ्याला आजही 'हॅलोविन प्रॉब्लेम' म्हणतात. (भुताखेतांशी संबंध नाही, केवळ तारखेमुळे.) बदलायची नावं आधी बाजूला लिहून घ्यायची आणि मगच हात लावायचा, हा त्यावरचा एक उपाय.

मला या गोष्टीतली जी जागा टोचते ती म्हणजे यंत्राने कुठलीही चूक दाखवली नाही. कर्सर बंद करायला विसरलात तर ओरॅकल कधीतरी ओआरए-०१००० म्हणून ओरडतं. लूपमध्ये पुढची ओळ आणायला विसरलात तर प्रोसिजर तासन्‌तास एकाच ओळीवर फिरत बसते, पण निदान कळतं तरी. हे सगळे बोंब मारणारे घोटाळे, म्हणजे सभ्यच.

माझा तसा नव्हता. २००१ ची दिवाळी जवळ आली होती. एका दूध संघाचा दर फरक गावोगावच्या संस्थांच्या खात्यावर चढवायची स्टोअर्ड प्रोसिजर मी लिहिली होती. कर्सर लावून एकेक संस्था घ्यायची, रक्कम चढवायची, दर शंभर ओळींनी कमिट. मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं! पण कर्सरला उघडतानाची जुनी स्थितीच दिसायला हवी असते, आणि ती ज्या रोलबॅक सेगमेंटमध्ये जपलेली असते तिथली जागा प्रत्येक कमिटनंतर दुसऱ्या कामांना वापरायला मोकळी होते. अर्ध्या वाटेवर ओआरए-०१५५५, स्नॅपशॉट टू ओल्ड. प्रोसिजर मेली.

इथपर्यंत ठीक. यंत्राने चूक सांगितलेली होती. मी सकाळी येऊन काय केलं? रात्री लोड असेल म्हणून प्रोसिजर पहिल्यापासून परत चालवली. या वेळी ती एकही चूक न दाखवता पूर्ण झाली. मी चहाला गेलो.

आदल्या रात्री कमिट झालेल्या संस्थांना दर फरक दोनदा गेला होता. चार दिवसांनी एका गावच्या सचिवांना बोलावून घेतलं तेव्हा कळलं की त्यांनी तो वाटूनही टाकला होता. "साहेब, लोकांचा दिवाळीचा बाजार झाला की. आता परत मागायचं कुठल्या तोंडानं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुरुस्ती अर्ध्या तासाची निघाली. कर्सर काढून टाकला, 'रक्कम दिली' असा एक रकाना वाढवला आणि तो रिकामा असलेल्यांनाच पैसे देणारं एकच अपडेट लिहिलं. कॉड यांनी सांगितलं होतं तसंच, अख्खा संच एकदम. तीस वर्षं उशिरा का होईना.

हे सगळं आत्याला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे पैसे परत घेतलेतच ना त्या लोकांकडून?"

हो. दहा-दहा दिवसांच्या तीन बिलांतून कापून घेतले.