पेडणे–डिचोली देवयात्रा

गोव्याच्या उत्तर टोकावरील पेडणे आणि त्याच्या आग्नेयेचा डिचोली या दोन तालुक्यांतील देवस्थाने व समुद्रकिनारा मिळून करता येणारा दोन ते तीन दिवसांचा प्रवास. पेडण्याच्या उत्तरेस तेरेखोल नदी, दक्षिणेस शापोरा नदी आणि पश्चिमेस अरबी समुद्र आहे. डिचोलीला समुद्र नाही. त्याची दक्षिण सीमा मांडवीच्या पाण्याला भिडते. डिचोलीच्या परिसराचे जुने नाव भतग्राम.

पार्श्वभूमी : बार्देश, तिसवाडी व साष्टी या जुन्या काबिजादीतील, म्हणजे आधी जिंकलेल्या मुलखातील, देवळे पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात पाडली. पेडणे, डिचोली व सत्तरी हे प्रदेश मात्र सावंतवाडीच्या भोसल्यांकडून १७८१ ते १७८८ या काळात पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. तोवर धर्मविषयक धोरण सैल झाले होते, म्हणून या नव्या काबिजादीतील देवळे टिकली. त्याआधीही नदीपलीकडचा हा मुलूख जुन्या काबिजादीतून हलवलेल्या देवांचा आसरा होता. येथील देवदर्शनाचा मार्ग त्यामुळे अनेकदा देवाच्या स्थलांतराचाही मार्ग असतो.

प्रवासाचा धागा : लोकश्रद्धेनुसार लईराई, केळबाई, महामाया, मोरजाई, आजादीपा, शीतळाई व मीराबाई या सात बहिणी असून खेतोबा हा त्यांचा भाऊ. मोरजाई मोरजीला समुद्राकाठी, केळबाई मुळगावात, लईराई शिरगावात आणि महामाया मये येथे राहिली. मीराबाई म्हणजेच म्हापशाची मिलाग्रिस सायबीण, असे हिंदू व ख्रिस्ती दोघेही मानतात; शिरगावचे देवस्थान आणि म्हापशाची इगर्ज (चर्च) यांच्यात तेल व मोगरीच्या फुलांची देवघेव होत असल्याचे सांगितले जाते. बहिणींची ही गावे जोडत गेल्यास किनाऱ्यावरून आत जाणारा मार्ग आपोआप आखला जातो.

पहिला दिवस, पेडणे : पेडणे गावातील अष्टभुजा भगवतीचे देऊळ तालुक्यात प्रमुख मानले जाते. त्याच्या प्रवेशापाशी दोन बाजूंना काळ्या दगडाचे दोन मोठे हत्ती उभे आहेत. येथून केरीला जाऊन फेरीबोटीने तेरेखोलचा किल्ला पाहता येतो. सावंतवाडीकरांनी बांधलेला हा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकावला. परतताना हरमल येथे समुद्राला लागून असलेले गोड्या पाण्याचे तळे लागते. पुढे मांद्रे आणि मोरजी. मोरजीच्या तेंब भागात व मांद्र्याच्या वाळूत हिवाळ्यात सागरी कासवे अंडी घालतात. वन खात्याने कुंपण घातलेल्या जागेजवळ रात्री दिवे लावणे व गोंगाट करणे टाळावे. मोरजाईचे दर्शन घेऊन हा दिवस संपतो.

दुसरा दिवस, डिचोली : म्हापसा–अस्नोडा मार्गाने मुळगाव, शिरगाव व मये ही तिन्ही गावे एका सकाळीत होतात. नार्वे येथील सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचे कुलदैवत. त्याचे मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. तेथील गावाचे नावही नार्वेच. बहमनी आक्रमणात ते उद्ध्वस्त झाले, विजयनगरच्या काळात माधवमंत्र्याने पुन्हा उभारले आणि १५४० मध्ये पोर्तुगीजांनी पाडले. पुढे भाविकांनी लिंग नदीपार आणले. शके १५९० च्या कार्तिक वद्य पंचमीस, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८ रोजी, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने आजच्या देवळाचे काम सुरू झाले, असे दारावरचा शिलालेख सांगतो. आतील लिंग धारालिंग आहे. म्हणजे ते गुळगुळीत गोल नसून त्यावर उभ्या धारा आहेत. राज्य शासनाने जीर्णोद्धार केल्यावर २०२३ मध्ये देऊळ पुन्हा खुले झाले. वेळ असल्यास जुने गोवे ते दिवाडी व दिवाडी ते नार्वे अशा दोन फेरीबोटींनी यावे. देव ज्या पाण्यावरून आला ते पाणी ओलांडल्याशिवाय या स्थळाचा इतिहास नीट उमगत नाही. दुपारनंतर साखळीजवळील हरवळे येथील कोरीव लेणी, रुद्रेश्वराचे देऊळ व धबधबा, आणि वाळवंटीकाठचे विठ्ठलापूरचे विठ्ठल मंदिर पाहावे.

तिथी : प्रवासाची तारीख सुट्टी पाहून नव्हे, तर पंचांग पाहून ठरवावी. उत्सवाविना ही देवळे शांत असतात आणि उत्सवात सारा गाव देवळात असतो. लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला भरते. ‘धोंड’ म्हणवणारे देवीचे व्रतस्थ भाविक सोवळ्यात राहतात, हातात रंगीत गोंड्यांचा वेताचा ‘बेत’ घेतात आणि मध्यरात्री पेटवलेल्या होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून पहाटेपूर्वी चालत जातात. शिरगावात देवीची मूर्ती नसून कळसाची पूजा होते. ३ मे २०२५ च्या पहाटे या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे बळी गेले; मुले व वृद्ध बरोबर असतील तर मुख्य रात्र टाळून पुढच्या दिवसांत दर्शनाला जावे. कोजागरीला पेडण्याची ‘पुनव’, त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापूरला नदीत सोडलेल्या सजवलेल्या होड्या आणि महाशिवरात्रीला हरवळे हे इतर प्रमुख दिवस. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात; रात्री दशावतारी नाटक आणि जत्रेच्या बाजारात आले-गुळाचे खाजे हे त्यांचे ठरलेले अंग.

प्रवास व राहणे : मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ पेडणे तालुक्यातच असून तेथून जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी उड्डाणे सुरू झाली. कोकण रेल्वेने पेडणे किंवा थिवी स्थानकावर उतरावे. डिचोलीला थिवी सोयीचे. पुढे कदंब महामंडळाच्या व खाजगी बसगाड्या मिळतात, आणि आतल्या वाड्यांसाठी ‘पायलट’, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी. देवळाला अग्रशाळा (यात्रेकरूंच्या खोल्या) असल्यास राहण्याबद्दल देवस्थान समितीकडे आधी विचारावे. किनाऱ्यावरच्या पोशाखात देवळात जाऊ नये. पावसाळ्यात हरवळ्याचा धबधबा भरून वाहतो, पण समुद्रात उतरणे धोक्याचे असते.

तुलना : समुद्र आणि देवस्थान एकत्र असलेला असाच छोटा प्रवास जपानमधील इसे-शिमा येथे करतात. पूर्वीचे यात्रेकरू फुतामीच्या समुद्रात स्नान करून शुद्ध होत. इसेत आधी बाह्य, मग सूर्यदेवी अमातेरासूच्या आंतर देवस्थानाला जाण्याचा क्रम आजही पाळतात. तेथील देवळे दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधली जातात. पेडण्याच्या पुनवेची आख्यायिका याच्या उलट आहे : भूतनाथ या देवाला एका रात्रीत देऊळ बांधून हवे असते, ते होत नाही, म्हणून तो रुसतो आणि गाव त्याची समजूत घालतो. इसेचे मागील नवे बांधकाम २०१३ मध्ये झाले, पुढचे २०३३ मध्ये आहे; पेडण्याची पुनव दर वर्षी आश्विन पौर्णिमेला होते.