हवाली करण्याची कुळकथा

परक्या राज्याने मागितलेला आरोपी त्याच्या स्वाधीन करण्याची जी रीत आज प्रत्यार्पण म्हणून ओळखली जाते, तिचे पुण्यातील मूळ शोधू जाता आपण मुळामुठेच्या संगमावरील इंग्रज रेसिडेन्सीत आणि 1815 च्या पावसाळ्यात येऊन पोहोचतो. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन हे खंडणीचा व अहमदाबादच्या इजाऱ्याचा प्रश्न मिटवण्यासाठी, कंपनी सरकारने सुरक्षिततेची हमी घेतल्यावर, पेशव्यांच्या दरबारी आले होते. त्या जुलैत पंढरपुरी देवदर्शनाहून परतताना भर रस्त्यात त्यांचा खून झाला आणि संशय दुसऱ्या बाजीरावांचे विश्वासू कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला. रेसिडेंट एल्फिन्स्टनने त्रिंबकजींना हवाली करण्याचा तगादा लावला. गुन्हा पेशव्यांच्या मुलखातला, आरोपी पेशव्यांचाच चाकर आणि मागणारा तिसराच. आजच्या कायद्याने पाहू जाता ही मागणी मुळातच उफराटी. शास्त्र्यांच्या रक्ताचा न्याय व्हावयासच हवा होता, याविषयी मला तिळमात्र संदेह नाही. पण त्या मागणीमागे उभे होते ते न्यायासन नव्हे, तर तैनाती फौज. बाजीरावांनी पुष्कळ चालढकल केली, तरी सप्टेंबरात त्रिंबकजी इंग्रजांच्या हाती गेले, ठाण्याच्या किल्ल्यात कोंडले गेले, आणि वर्षभराने तेथून निसटले. मग 1817 च्या मे महिन्यात पुन्हा तीच मागणी आली, या खेपेस सिंहगड, पुरंदर व रायगड तारण मागून; आणि 13 जूनच्या पुण्याच्या तहाने मराठमंडळाचे धुरीणत्वही पेशव्यांच्या हातून गेले. पुढे पकडलेल्या त्रिंबकजींना, उघड खटला न चालवताच, दूर चुनारच्या किल्ल्यात डांबण्यात आले.

पुढे 1903 चा प्रत्यार्पणाचा कायदा झाला. तरी 8 जुलै 1910 रोजी फर्ग्युसनचे माजी विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर इंग्रजांच्या कैदेत असताना मार्सेय बंदरात बोटीतून उडी घेऊन फ्रान्सच्या भूमीवर पोहोचले, तेव्हा एका फ्रेंच शिपायाने त्यांना तिथल्या तिथे इंग्रजांच्या हाती परत दिले, आणि 24 फेब्रुवारी 1911 रोजी हेगच्या लवादाने, या अटकेत अनियमितता झाल्याचे मान्य करूनही, त्यांना फ्रान्सकडे परत करण्यास ब्रिटन बांधील नाही असा निवाडा दिला. तो निवाडा मला आजही अन्यायाचा वाटतो. स्वतंत्र भारताच्या 1962 च्या अधिनियमाने मात्र सामान्यतः दंडाधिकाऱ्यापुढील चौकशीत सकृद्दर्शनी पुरावा मागितला, आणि राजकीय स्वरूपाच्या अपराधासाठी कोणासही परक्या राज्याच्या हवाली करण्याची मनाई केली.