वाटेवर भेटलेली राणी

थोरांच्या चरित्राचीं साधनें शोधावयास लागलों म्हणजे आम्ही इतिहासाचे अभ्यासक प्रथम दरबारी कागदांकडे वळतों. खलिते, तहनामे, सेनापतींचे अहवाल, वकिलांचीं बातमीपत्रें यांनीं आमचीं कपाटें भरलेलीं असतात. आणि तें योग्यच आहे, कारण सालें, तिथ्या व फौजेचे आंकडे ह्याच कागदांतून मिळावयाचे. परंतु ज्या व्यक्तीभोंवतीं हा सर्व पसारा उभा राहिला, ती दिसण्यांत कशी होती, तिचा आवाज कसा होता, तहान लागली असतां ती पाणी कशी प्याली, हें सांगणारा कागद दप्तरांत सहसा सांपडत नाहीं. तो सांपडतो एखाद्या परक्या मनुष्याच्या आठवणींत. आणि हा मनुष्य बहुधा दुसऱ्याच कामासाठीं तेथें गेलेला असतो. झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या बाबतींत ही गोष्ट जितकी स्पष्ट दिसते, तितकी आमच्या अर्वाचीन इतिहासांत क्वचितच दिसेल.

लक्ष्मीबाईंचें नांव आज इतकें मोठें झालें आहे, कीं त्या नांवाआड स्वतः त्या दिसेनाशा झाल्या आहेत. पाठीशीं मूल बांधून, हातीं तरवार घेऊन घोड्यावर बसलेली त्यांची मूर्ति सर्वांच्या ओळखीची आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं त्यांचें मराठी चरित्र लिहिलें तें १८९४ सालीं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनीं. पुढें कादंबऱ्या झाल्या, नाटकें झालीं, चित्रपट झाले. ह्या सर्वांविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु ज्यांनीं ह्या बाईंना आपल्या डोळ्यांनीं पाहिलें व पाहिलेलें लिहून ठेवलें, अशीं माणसें फार थोडीं. त्यांपैकीं दोघांची वाचकांशीं गांठ घालून द्यावी, हा ह्या लेखाचा हेतु आहे. एक परदेशी वकील, दुसरा कोंकणांतला भिक्षुक. दोघांचा परस्परांशीं कांहींएक संबंध नव्हता. आणि राणीचें चरित्र लिहावें म्हणून दोघांपैकीं कोणीहि झांशीची वाट धरली नव्हती.

जॉन लँग हा १८१६ सालीं ऑस्ट्रेलियांत जन्मलेला गृहस्थ. हिंदुस्थानांत येऊन त्यानें वकिली केली, ‘मफसिलाइट’ नांवाचें वर्तमानपत्र चालविलें, आणि १८५१ सालीं आग्र्याच्या लाला ज्योतीप्रसाद ह्या कंत्राटदाराची बाजू घेऊन प्रत्यक्ष कंपनी सरकाराविरुद्ध तो यशस्वी रीतीनें लढला. पुढें नोव्हेंबर १८५३ मध्यें गंगाधरराव वारले आणि त्यांचें दत्तविधान नामंजूर करून डलहौसीनें १८५४ त झांशी खालसा केली, तेव्हां राणीला ह्या वकिलाचें साहाय्य घ्यावेंसें वाटलें हें साहजिकच होतें. लँग झांशीस गेला. रिवाजाप्रमाणें मध्यें पडदा होता व त्याच्या आडून बोलणें चाललें होतें. इतक्यांत लहानग्या दत्तक पुत्रानें तो पडदा एकाएकीं बाजूस सारला, आणि क्षणभर लँगला राणी दिसली.

त्या एका क्षणांत त्यानें काय पाहिलें, हें त्यानें १८५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘वाँडरिंग्ज इन इंडिया’ ह्या पुस्तकांत लिहिलें आहे. बांधा मध्यम उंचीचा व कांहींसा स्थूल. चेहरा तरुणपणीं फारच सुंदर असावा असा, आणि अजूनहि मोहक व बुद्धीची चमक दाखविणारा. डोळे उत्तम, नाक रेखीव, वर्ण फार गोरा नाहीं. अंगावर साधें पांढरें मलमलीचें वस्त्र. दागिना म्हणाल तर कानांतील सोन्याचीं कर्णभूषणें, बाकी कांहीं नाहीं. आवाज मात्र त्याच्या कानास गोड लागला नाहीं, आणि तेंहि तो लिहावयास चुकलेला नाहीं. पुतळा घडविणारा मनुष्य ‘स्थूल’ हा शब्द गाळील, आणि आवाज तर पुतळ्याला नसतोच. लँगनें दोन्ही ठेवले, म्हणून त्यानें केलेल्या स्तुतीवरहि आमचा विश्वास बसतो. वकील ह्या नात्यानें त्यानें दिलेला सल्ला, म्हणजे तूर्त तक्रार नोंदवून पेन्शन घ्यावें व विलायतेंत दाद मागावी हा, राणीनें मानला नाहीं. ज्या कामासाठीं तो गेला तें अशा रीतीनें फसलें. आणि जें त्याला दाखवावयाचें नव्हतें, तेंच मुलानें पडदा सारल्यामुळें इतिहासाच्या पदरांत पडलें.

आतां दुसऱ्या साक्षीदाराकडे वळूं. कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या रायगडांत, पेणजवळ वरसई नांवाचें खेडें आहे. तेथील विष्णुभट गोडसे हे वेदविद्येवर निर्वाह करणारे गृहस्थ. घरांत दारिद्र्य, वर कर्जाचें ओझें. अशांत बायजाबाई शिंदे उत्तरेंत मोठा यज्ञ करणार व विपुल दक्षिणा वांटणार अशी वार्ता कानीं आली, तेव्हां चुलते रामभटजी यांच्यासह विष्णुभट १८५७ च्या आरंभीं घराबाहेर पडले. महूच्या बाजूस पोंचतात तों शिपायांकडून बंडाची कुणकुण लागली. यज्ञ मागें पडला. भटजी मात्र वाट चालतच राहिले, आणि ग्वाल्हेरीवरून झांशीस जाऊन राणीच्या आश्रयास राहिले. मार्च १८५८ मध्यें सर ह्यू रोज यानें झांशीस वेढा घातला, तेव्हां ते शहरांतच होते. तोफांचे गोळे, शहर पडल्यानंतरची कत्तल, घरोघरची लूट, राजवाड्यांतील ग्रंथसंग्रहाची झालेली नासधूस हें सर्व त्यांनीं लपतछपत पाहिलें. जमविलेली दक्षिणा लुटींत गेली. अंगावरच्या वस्त्रानिशीं काकापुतणे काल्पीच्या वाटेस लागले.

त्या वाटेवर एका विहिरीपाशीं जी भेट झाली, तिचें वर्णन विष्णुभटांच्या ‘माझा प्रवास’ ह्या ग्रंथांत आहे. कांहीं स्वार आले. त्यांत पठाणी पोषाख केलेली, धुळीनें माखलेली, मुद्रा उदास झालेली एक व्यक्ति होती. त्या लक्ष्मीबाई होत्या. तहानेनें जीव व्याकुळ झालेला. भटजी पाणी काढून देण्यासाठीं पुढें सरसावले, तों बाईंनीं त्यांना थांबविलें. विद्वान् ब्राह्मणाकडून आपण पाणी काढवून घ्यावें हें त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनीं स्वतः विहिरींतून पाणी काढलें, मातीच्या भांड्यानें तें ओंजळींत घेतलें आणि त्या प्याल्या. आपण एक विधवा, पोटापुरत्या तांदुळांची धनीण, तरी धर्माच्या अभिमानानें ह्या कामांत पडलों, अशा आशयाचे चार खिन्न शब्द बोलून त्या काल्पीकडे निघून गेल्या.

प्रसंग एवढाच. राज्य गेलेलें, शहर बेचिराख झालेलें, पाठीवर शत्रूची फौज. अशा वेळीं पाणी कोणीं काढावें हा विचार ज्या मनांत येतो, तें मन कसें असेल? आजच्या वाचकास ह्यांतील वर्णभेदाची भावना खटकेल, आणि तें योग्यच आहे. परंतु आम्ही येथें त्या रूढीचें समर्थन करावयास बसलों नाहीं. मनुष्याचें सर्वस्व गेल्यावर त्याच्या अंगीं जें उरतें तें त्याचें खरें वळण, इतकेंच आमचें म्हणणें. पराभवानें ह्या बाईंचा राजदंड नेला, पण दुसऱ्याशीं वागावयाची जी रीत त्यांना योग्य वाटत होती, ती त्यांच्यापासून गेली नव्हती. ही गोष्ट ह्यू रोजच्या अहवालांतून कळली नसती. त्यानें बंडवाल्यांच्या पुढाऱ्यांत त्यांस सर्वांहून शूर ठरविलें, हा त्याच्या मनाचा मोठेपणा. पण शौर्य शत्रूला दुरून दिसतें, वळण जवळ असणारासच दिसतें.

आतां कोणी म्हणेल, हें सर्व खरें कशावरून? विष्णुभटांनीं आपला वृत्तान्त लिहिला तो १८८३ च्या सुमारास, म्हणजे गोष्ट घडून पंचवीस वर्षें लोटल्यावर. आणि ब्राह्मणाचा मान राखल्याची कथा ब्राह्मणानेंच सांगितली, तर तिजकडे संशयानें पाहावयास नको काय? हा आक्षेप वाजवी आहे व त्याचा विचार केलाच पाहिजे. ‘माझा प्रवास’ बारकाईनें वाचणारास असें आढळेल कीं, त्यांत दोन जातींचा मजकूर आहे. बंड कां झालें हें सांगतांना भटजी कलकत्त्यास भरलेल्या राजेरजवाड्यांच्या सभेची व तेथें वाचलेल्या धर्मबुडव्या कलमांची हकीकत देतात. ती ऐकीव आहे व इतिहासाच्या कसोटीस मुळींच उतरत नाहीं. परंतु जेथें ते स्वतः उभे होते, जसें झांशीच्या वेढ्यांत, तेथें त्यांच्या सांगण्याचा मेळ इतर पुराव्याशीं चांगला बसतो. कानांनीं त्यांना फसविलें, डोळ्यांनीं बहुधा फसविलें नाहीं. विहिरीचा प्रसंग डोळ्यांचा आहे. शिवाय हा मनुष्य भाट नव्हे. झांशीच्या घराण्याविषयीं, विशेषतः गंगाधररावांविषयीं, कोणत्याहि आश्रितानें झांकून ठेवाव्या अशा गोष्टी त्यानें उघडपणें लिहिल्या आहेत. जो इतरत्र खुशामत करीत नाहीं, तो एवढ्या एका ठिकाणींच करील असें मानावयास सबळ कारण पाहिजे. बाईंच्या तोंडचे शब्द पंचवीस वर्षांत थोडेबहुत बदलले असतील. पण त्यांनीं स्वतः पाणी काढलें हें बदलण्याजोगें नाहीं.

ह्या दोन भेटींच्या जोडीला तिसरी एक भेट आम्हांस नेहमीं आठवते. १७ जून १८५८ रोजीं ग्वाल्हेरीजवळ कोटा की सराई येथें आठव्या हुस्सार पलटणीच्या स्वारांनीं हल्ला चढविला. त्यांतील एका स्वाराच्या हातून लक्ष्मीबाईंना प्राणघातक जखम झाली. मर्दानी वेषामुळें आपण कोणावर शस्त्र चालविलें हें त्याला ठाऊक नव्हतें, असें सांगतात. पडद्यापलीकडे गेलेल्या वकिलाहून आणि विहिरीवरच्या भिक्षुकाहूनहि हा स्वार राणीच्या अधिक जवळ आला होता. पण त्यानें तिला ओळखलें नाहीं, म्हणून त्याच्यापाशीं आम्हांस सांगावयास कांहींच नाहीं. थोर मनुष्याची गांठ पडणें ही साधी योगायोगाची गोष्ट आहे. तीस इतिहासाचें मोल येतें तें पाहणाराची नजर जागी असली तर, आणि त्यानें पाहिलेलें कागदावर उतरविलें तर.

आणि कागदावर उतरलें म्हणजे संपलें असेंहि नाहीं. विष्णुभटांचा वृत्तान्त चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून लिहिला गेला, व त्यांनींच तो १९०७ सालीं छापला. वैद्यांचे उपकार मोठे. परंतु भटजींची घरगुती, अघळपघळ भाषा त्यांनीं सुधारून घेतली व मजकुरांतहि बरेच फेरफार केले. मूळ लेखन दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाखालीं बाहेर आलें तें १९६६ सालीं. म्हणजे जवळजवळ साठ वर्षें मराठी वाचक एका सुशिक्षित गृहस्थानें इस्त्री केलेल्या विष्णुभटांनाच ओळखीत होता. हिंदींत अमृतलाल नागर यांनीं ह्या प्रवासाचें भाषांतर केलें, पुढें इंग्रजींतहि तो गेला. आज सत्तावनचा अभ्यास करणारा कोणीहि ह्या पुस्तकाला वळसा घालून जाऊं शकत नाहीं. जो ग्रंथ एका कर्जबाजारी भिक्षुकानें आपल्या हालअपेष्टांची हकीकत म्हणून लिहिला, त्याची ही योग्यता!

हें सर्व लिहिण्याचें कारण असें कीं, आमच्या घराघरांतून अशीं माणसें होऊन गेलीं आहेत. कारकून, पुराणिक, यात्रेकरू, वैद्य, फौजेंतले हवालदार यांनीं आपल्या वह्यांत जमाखर्चाच्या कडेला काय काय लिहून ठेवलें असेल, तें कोण पाहतो? नांव प्रसिद्ध नाहीं, अक्षर लागत नाहीं, म्हणून त्या वह्या माळ्यावर पडतात, आणि घर बदलतांना रद्दीच्या भावानें जातात. थोरांचीं पत्रें आम्ही जपतों, कारण तीं थोरांचीं आहेत. परंतु थोर कसे होते हें सांगणारा पुष्कळ वेळां सामान्यच असतो, हें ध्यानांत धरून त्या वह्या उघडल्या पाहिजेत. मोडी वाचतां येत नसेल तर वाचणारास द्याव्या. पण निदान रद्दींत टाकूं नयेत.

विष्णुभट उत्तरेंत आणखी पुष्कळ फिरले, चित्रकूट, प्रयाग, काशी हीं क्षेत्रें त्यांनीं केलीं, वाटेंत पुन्हा पुन्हा लुटले गेले, आणि अखेर गंगेची कावड खांद्यावरून वाहून वरसईस परत आले. दक्षिणा मिळवून कर्ज फेडावें म्हणून निघालेल्या ह्या गृहस्थानें त्या गंगोदकानें आईबापांस स्नान घातलें व तेवढ्यांत समाधान मानलें. काल्पीच्या वाटेवरची ती विहीरहि आपण बरोबर घेऊन आलों आहों, हें त्या वेळीं त्यांच्या ध्यानींमनींहि नसेल.