गोत्से डेल्चेव्ह : घाईच्या उठावाला विरोध करणारा क्रांतिकारक

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑटोमन तुर्की साम्राज्याविरुद्ध मॅसेडोनियात जो सशस्त्र लढा उभा राहिला, त्याचा सर्वांत प्रभावी संघटक म्हणून गोत्से डेल्चेव्हचे नाव घेतले जाते. वयाच्या एकतिसाव्या वर्षी चकमकीत मारला गेलेला हा गनिमी नेता आज बल्गेरिया आणि उत्तर मॅसेडोनिया या दोन्ही देशांचा राष्ट्रपुरुष आहे आणि त्यांच्यातील वादाचा विषयही.

डेल्चेव्हचा जन्म ४ फेब्रुवारी १८७२ रोजी कुकुश या गावी झाला. हे गाव तेव्हा ऑटोमन साम्राज्यात होते. आज ते किल्किस या नावाने ग्रीसमध्ये आहे. त्याचे मूळ नाव गेओर्गी. 'गोत्से' हे त्याचेच घरगुती रूप. सलोनिका (आजचे थेसालोनिकी) येथील बल्गेरियन विद्यालयात शिक्षण घेतल्यानंतर १८९१ मध्ये तो सोफियाच्या लष्करी विद्यालयात दाखल झाला. तेथे समाजवादी विचारांशी त्याचा परिचय झाला आणि त्याच कारणाने १८९४ मध्ये, अधिकारपद हाती येण्याच्या बेतात असताना, त्याला विद्यालयातून काढून टाकण्यात आले.

त्याच्या पुढील आयुष्याची पार्श्वभूमी १८७८ च्या घडामोडींत आहे. रशिया-तुर्कस्तान युद्धानंतर सॅन स्टेफानोच्या तहाने मॅसेडोनियाचा बहुतांश भाग नव्या बल्गेरियाला देऊ केला होता. मात्र युरोपीय सत्तांनी त्याच वर्षी बर्लिन येथे तो निर्णय फिरवला आणि हा प्रदेश पुन्हा सुलतानाच्या अमलाखाली गेला. स्लाव्ह, ग्रीक, तुर्क, अल्बेनियन, व्लाख, ज्यू अशा अनेक समाजांच्या या भूमीवर बल्गेरिया, सर्बिया आणि ग्रीस या तिन्ही शेजाऱ्यांचा डोळा होता. या परिस्थितीत १८९३ मध्ये सलोनिका येथे काही तरुणांनी एक गुप्त क्रांतिकारी संघटना स्थापन केली. पुढे ती 'अंतर्गत मॅसेडोनियन क्रांतिकारी संघटना' या नावाने प्रसिद्ध झाली.

लष्करी विद्यालय सुटल्यावर डेल्चेव्ह श्तिप येथे शिक्षक झाला. संघटनेच्या संस्थापकांपैकी एक असलेला दामे ग्रुएव्ह तेव्हा तेथेच शिक्षक होता. त्याच्या सहवासात डेल्चेव्ह संघटनेत आला आणि शिक्षकाच्या पेशाआडून गावोगावी गुप्त समित्या उभारू लागला. शिक्षक, दुकानदार, कारागीर, शेतकरी असे सर्व थरांतील लोक शपथ घेऊन सभासद झाले. संघटनेची स्वतःची टपालव्यवस्था होती, न्यायनिवाड्याची सोय होती आणि 'चेता' नावाची सशस्त्र पथकेही होती. ही पथके डोंगरात वावरत आणि गावकऱ्यांना शस्त्रांचे शिक्षण देत. सुलतानाच्या राज्यात जणू दुसरेच अदृश्य राज्य उभे राहत होते. संघटनेची नियमावली तयार करण्यात डेल्चेव्ह आणि त्याचा सहकारी ग्योर्चे पेत्रोव्ह यांचा मोठा वाटा होता. १८९६ नंतर काही वर्षे या दोघांनी सोफियात संघटनेचे परदेशी प्रतिनिधी म्हणून काम पाहिले.

मॅसेडोनियाची मुक्तता तेथील जनतेनेच घडवून आणली पाहिजे, ही डेल्चेव्हची ठाम भूमिका होती. शेजारी देशांपैकी कोणाच्याही राज्यविस्ताराचे साधन होणे त्याला मान्य नव्हते. स्वायत्त मॅसेडोनिया हे त्याचे उद्दिष्ट होते. १९०२ च्या नियमावलीने संघटनेचे दार राष्ट्रीयत्वाचा भेद न करता सर्व असंतुष्टांना खुले केले. सोफियातील 'सर्वोच्च समिती'शी त्याचा संघर्ष झाला तो याच मुद्द्यावर. बल्गेरियन लष्करी अधिकाऱ्यांचा प्रभाव असलेल्या या समितीला बाहेरून पथके घुसवून बंड पेटवायचे होते. १९०२ च्या शरद ऋतूत तिने गोर्ना जुमाया भागात तसा प्रयत्न केला. तो फसला आणि सुडाची झळ स्थानिक खेड्यांना बसली.

तरीही जानेवारी १९०३ मध्ये सलोनिका येथील बैठकीत संघटनेच्या नेत्यांनी त्याच वर्षी सार्वत्रिक उठाव करण्याचे ठरवले. डेल्चेव्ह त्या बैठकीत नव्हता. त्याने या निर्णयाला विरोध केला. लोकांजवळ पुरेशी शस्त्रे नाहीत, तयारी अपुरी आहे आणि उठाव फसल्यास किंमत निःशस्त्र गावकऱ्यांना मोजावी लागेल, असे त्याचे म्हणणे होते. त्याऐवजी निवडक पथकांनी रेल्वे, पूल अशा ठिकाणांवर आघात करावेत, असे त्याने सुचवले आणि अंगिस्ता नदीवरील रेल्वेपूल सुरुंगाने उडवून तो मार्ग दाखवूनही दिला. एप्रिलच्या अखेरीस तुरुंगातून सुटलेल्या ग्रुएव्हशी त्याची सलोनिकात भेट झाली. पण निर्णय बदलला नाही.

त्यानंतर सेरेस भागातील आपल्या सहकाऱ्यांच्या भेटीस निघालेला डेल्चेव्ह बानित्सा या खेड्यात थांबला असता तुर्की सैन्याने गावाला वेढा घातला. ४ मे १९०३ रोजी झालेल्या चकमकीत तो ठार झाला. त्याचे धाकटे भाऊही या लढ्यात कामी आले.

२ ऑगस्ट १९०३ रोजी, संत एलियाच्या सणाच्या दिवशी, ठरल्याप्रमाणे उठाव झाला. 'इलिंदेन' नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उठावात क्रुशेवो येथे प्रजासत्ताकाची घोषणा झाली. पण ते जेमतेम १० दिवस टिकले. सुमारे २०० खेडी जाळली गेली, हजारो लोक मारले गेले आणि सुमारे ३० हजारांनी बल्गेरियाचा आश्रय घेतला. डेल्चेव्हने दिलेला इशारा त्याच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांतच खरा ठरला.

मृत्यूनंतरही त्याला स्वस्थता लाभली नाही. १९१३ च्या दुसऱ्या बाल्कन युद्धात कुकुश भस्मसात झाले आणि तेथील बल्गेरियन रहिवासी परागंदा झाले. डेल्चेव्हच्या अस्थी बानित्साहून बल्गेरियात नेण्यात आल्या. ऑक्टोबर १९४६ मध्ये सोफियातील कम्युनिस्ट सरकारने त्या युगोस्लाव्हियातील मॅसेडोनियाच्या स्वाधीन केल्या. आज त्या स्कोप्ये येथील स्वेती स्पास चर्चच्या प्रांगणात आहेत. बल्गेरियात गोत्से डेल्चेव्ह नावाचे शहर आहे, उत्तर मॅसेडोनियात डेल्चेवो आहे आणि श्तिपच्या विद्यापीठालाही त्याचेच नाव आहे.

तो स्वतःला बल्गेरियन म्हणवून घेत असे, याकडे बल्गेरियन इतिहासकार त्याच्या पत्रांच्या आधारे लक्ष वेधतात. तर स्वतंत्र मॅसेडोनियासाठी लढणारा मॅसेडोनियन वीर अशी त्याची प्रतिमा स्कोप्येत रूढ आहे. २०१७ च्या मैत्री करारानुसार नेमलेल्या संयुक्त इतिहास आयोगालाही या प्रश्नाने अडवले. नोव्हेंबर २०२० मध्ये बल्गेरियाने उत्तर मॅसेडोनियाच्या युरोपीय संघ प्रवेशाच्या वाटाघाटी रोखल्या, तेव्हा भाषा आणि इतिहासाचे असेच वाद त्यामागे होते. शेजारी राष्ट्रांच्या चढाओढीपासून आपली भूमी दूर ठेवण्यासाठी झटलेल्या डेल्चेव्हचा वारसा शतकानंतर त्याच चढाओढीत सापडला आहे.